चर भट्टी: मजुरी निम्म्यावर आली, कोळसा मात्र रात्रीत राख

शेताच्या मातीत घालायचा कोळसा, म्हणजे बायोचार, करायला काजूच्या छाटणीच्या लाकडाची पहिली मोठी चर भट्टी लावली. भट्टी म्हणजे जांभ्यात खणलेला लांब चर. संध्याकाळी चर काठोकाठ निखाऱ्यांनी भरला होता, खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा जाऊ न देणारा वरच्या ज्वाळेचा पडदा शेवटपर्यंत टिकला, धूर जवळजवळ नव्हताच. वर पत्रे टाकले, कडांना सुकी माती लावली. सकाळी पत्रा उचलला तर वर पांढरी राख आणि खाली तळाशी निखारे अजून लाल. निम्म्याहून जास्त माल गेला. जीव हळहळला.

पाणी ओतून का नाही विझवलं, असं तुम्ही विचारणारच. लाकूड खणखणीत वाळतं ते मार्च ते मे, आणि आमच्या कुडाळच्या बाजूला त्याच दिवसांत विहिरीचा तळ दिसतो. माणसं घागरी मोजून पाणी भरत असताना कोळशावर बॅरलभर पाणी ओतायला मन धजत नाही. म्हणून हवा कोंडून विझवायचं ठरवलं होतं.

शेजारचे काका चरात उतरले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जांभ्याक सगळीकडे भोकां आसत, वारो अडतलो कसो?" तेच खरं. भिंतीला कान लावला तर एका भेगेतून बारीक सूं असा आवाज येत होता, आणि नेमकी त्याच अंगाला राख सगळ्यात जास्त. साध्या मातीच्या खड्ड्यात जे जमतं ते जांभ्यात तसंच्या तसं जमत नाही. आता आतून शेणमातीचा जाड गिलावा करतोय. वर पत्र्याच्या कडेला सुकी माती न लावता चिखल थापणार. सुक्या मातीतून हवा आत शिरते.

मधल्या पट्ट्यातला जो माल वाचला तो मात्र फार सुंदर निघाला. दगडावर टाकला की टणकन वाजतो, आणि चोळल्यावर हात नुसत्या पाण्याने धुतले जातात, डांबरट चिकटा नाही.

चर सोडणार नाही, कारण हिशोब. गड्याची मजुरी ५०० रुपये धरली. २०० किलो वाळक्या लाकडातून ४० ते ४५ किलो कोळसा पडतो. चराऐवजी उघड्या तोंडाची लोखंडी शंकूची भट्टी वापरली, तर तिच्यासाठी हातभर तुकडे करायचे, मग तोडणी, वाहणं आणि भट्टी मिळून दोन गडी लागतात, म्हणजे किलोला २२ ते २५ रुपये. चरात सहा-सात फुटी फांदी अख्खी आडवी जाते, तेच काम एका गड्यात उरकतं आणि किलोचा भाव १२ रुपयांच्या आसपास येतो. खर्च भट्टीत नाही, कोयतीच्या प्रत्येक घावात आहे. तरीही ज्यांना शंकूच हवा त्यांनी पत्रा जाड घ्यावा. पातळ पत्रा तापून वाकतो.

एका व्यापाऱ्याकडून तयार बायोचारची गोणीही आणून पाहिली. हाताला ओलसर लागला म्हणून उन्हात पसरून परत तोलला, तर एक तृतीयांश वजन उडालं. वजनावर विकत घेणार असाल तर आधी मूठभर सुकवून बघा.

भातशेतात कोळसा घालायचा विचार मी सोडला आहे. प्रयोगांमध्ये हेक्टरी १० टन हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे गुंठ्याला १०० किलो. १२ रुपयांनी १,२०० रुपये. गुंठ्याला ४० किलो भात धरा. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के वाढ होती आणि समशीतोष्ण भागात जवळपास काहीच नाही. ती २५ टक्के पूर्ण मिळाली तरी १० किलो भात, २०२४-२५च्या २,३०० रुपये क्विंटल या हमीभावाने २३० रुपये. पैसे वसूल व्हायला पाच वर्षं उलटतात, आणि शेत खंडाने असेल तर फायदा दुसऱ्याच्याच पदरात.

काजूच्या खड्ड्यात चित्र बदलतं. ७ बाय ७ मीटरवर हेक्टरी साधारण २०० कलमं, खड्ड्याला ५ किलो म्हणजे कलमामागे ६० रुपये, आणि तेही एकदाच. आपली आम्ल जांभी माती, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घातलेलं खत धुऊन जातं. तिथे मुळाशीच कोळसा हवा. पण कोरा घालू नका, तो सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच धरून बसतो. मी आधी गोठ्यात गुरांच्या खाली पसरतो. गोमूत्र पितो, वास कमी होतो, आणि रोजच्या झाडलोटीबरोबर खतखड्ड्यात जातो, त्यामुळे वेगळी मजुरी नाही.

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे मातीत कार्बन धरून ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांबद्दल, पुन्हा विचारणा झाली. टनभर चांगल्या कोळशामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला जातो, पण आपल्यासारख्यांचा वर्षाचा माल काही क्विंटल. मोजणी आणि कागदपत्रांचा खर्च एकट्याला झेपत नाही, गावाने मिळून केलं तरच बघावं.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं (तरवा) करायची जागा पेरणीआधी भाजायला, टाळ (पानांच्या फांद्या) आणि काटक्या आपण दरवर्षी तोडून तिथे आणतोच. ती मजुरी आधीच झालेली असते! मग पातेरा आणि गवत राबावरच (त्या भाजायच्या जागेवर) भाजायचं, त्याची तशीही राखच होते; आणि अंगठ्याएवढ्या जाड काटक्या बाजूला काढून तिथेच छोट्या चरात घालायच्या. किलोचा भाव आणखी खाली यायला हवा. म्हणजे काजूची पुढची भट्टी थांबवून आधी गिलावा केलेला छोटा चर तरव्याशेजारी. एक वाफा नेहमीच्या राबाचा, शेजारचा अर्ध्या राबाचा आणि गोठ्यातून काढलेल्या कोळशाचा. लावणीला तरवा उपटताना दोन्हीकडच्या जुड्या तोलून आकडे टाकतो.

लांजा-राजापूरकडे कोणी जांभ्यात गिलावा टिकवला असेल तर जाडी किती ठेवली आणि शेणात भाताचं तूस मिसळलं का, तेवढं कळवा. पाऊस यायच्या आत वाळला पाहिजे.