रात्री अडीचची द्राक्षतोडणी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्कला राहायला आल्यापासूनचा हा माझा दुसरा हंगाम. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, इथे दुपारी पारा कधी कधी चाळिशी ओलांडतो, म्हणून वाइनची द्राक्षं काढायची ती रात्रीच. मणी गार असले की रस वाटेत आंबायला लागत नाही आणि शार्डोने या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा वासही टिकतो. परवा शेजारच्या बागेत अडीचला यंत्र सुरू झालं. झोपेचं खोबरं झालंच होतं, मग मीही बॅटरी घेऊन निघालो.

दोन मजली घराएवढं ते धूड वेलींच्या ओळीला मधोमध घेऊन चालतं. पोटातल्या लवचीक दांड्या वेलीला गदागदा हलवतात आणि मणी खालच्या पट्ट्यावर गळतात. ते पुढे गेल्यावर जवळ जाऊन पाहिलं, तर घडांचे हिरवे सांगाडे तसेच लोंबत होते, देठांच्या टोकांना रसाचे थेंब. कात्रीने एकेक घड जपून कापणारे हात पाहत मी वाढलो. हे बघून पोटात जरा गलबललंच.

इथे वर्षाला पाऊस जेमतेम 250 मिलिमीटर. आजूबाजूला तांबडी वाळू आणि खुरटी झाडं. चॅफी या कॅनेडियन भावांनी 1887 मध्ये मरे नदीचं पाणी उचलून इथे बागायत सुरू केली, तेव्हा कुठे हिरवं दिसलं. पण पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही! तो वेगळा विकता येतो, एका हंगामापुरतं पाणीही विकता येतं. शेजारी सकाळी हवामानाआधी पाण्याच्या मेगालिटरचा, म्हणजे दहा लाख लिटरचा, भाव बघतो.

यंत्र शार्डोने उरकून निघून गेलं. कोपऱ्यावरच्या शिराझकडे, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षांकडे, फिरकलंच नाही. 2021 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवर 218 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं आणि लाल वाइन टाक्यांत तुंबली. मार्च 2024 मध्ये शुल्क उठलं, पण लोक वाइनच कमी प्यायला लागलेत. त्या ओळींची छाटणीही झालेली नाही. गेल्या वर्षीचे काळे, वाळके घड तारेवर तसेच आहेत. खाली ठिबक मात्र चालू.

"मग पाणी का देतोस? विकून टाक की," मी शेजाऱ्याला म्हटलं.

"वेली मेल्या तर उपटायला पैसे कोण देणार?" म्हणाला, आणि नळीतला कचरा काढायला खाली बसला.