गिटार नसलेला रॉक

आज भांडी घासता घासता ‘द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ ऐकला. देश नव्हे, बँड! १९६८ साली याच नावाने त्यांचा एकुलता एक अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड फुटलासुद्धा.

सुरुवातीलाच वाटलं, फोनवर दोन-तीन गाणी एकदम चालू झालीत. वेगवेगळे बँड एकमेकांवर चढलेले. लग्नसराईत गल्लीत दोन वराती समोरासमोर याव्यात तसे. हात पुसून बघितलं, तर एकच गाणं! मग त्या गोंधळातून गायिका डोरोथी मॉस्कोविट्झचा आवाज येतो. थंड, जराही न चढणारा. काटा आला अंगावर.

सायकेडेलिक, म्हणजे नशेत-स्वप्नात असल्यासारखा रॉक, पण गिटार नाहीच. विजेवरचं व्हायोलिन, आवाज वेडावाकडा, धातूसारखा करणारं रिंग मॉड्युलेटर नावाचं यंत्र, विजेवर घूंऽऽ असा सूर काढणारे ऑसिलेटर. बँडच्या म्होरक्याचं, जोसेफ बर्डचं डोकं, दुसरं काय!

तेवढ्यात आई डोकावली. "अगं, मिक्सर कुणी लावलाय?" मी फोनकडे बोट दाखवलं. दोन मिनिटं ऐकत उभी राहिली. "बाई छान गाते गं. बाकीच्यांना गप्प करा कुणीतरी."

शेवटचा तुकड्यातुकड्यांचा कोलाज मात्र मलाही जरा ताणलेला वाटला. तरी कढई तशीच ठेवून पुन्हा पहिल्यापासून लावलाय.