ससेक्सजवळचं बेनाम जहाज : मोठ्या सिलिंडरचं माप लागलं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बुडालेल्या या जहाजाचं नाव इंजिनाच्या मापांवरून शोधतोय. एप्रिलची नोंद. खोली ३० मीटर, तळाशी ९ अंश, दिसतं जेमतेम ३ मीटर. मे महिन्यात प्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म जीव) माजला की तेवढंही दिसत नाही, म्हणून इंजिनाचं काम आधी घेतलं. दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, निवडले. उधाणात स्लॅक (भरती-ओहोटीमधली प्रवाह थांबण्याची वेळ) इतका तोकडा की शॉटलाइन (बुडालेल्या जहाजापर्यंत सोडलेला दोर) धरून खाली पोचेपर्यंत पाणी फिरायला लागतं.

नाव कोरलेली जहाजाची घंटा शोधत बसू नये. सापडेल तेव्हा सापडेल, आणि वर आणलीच तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या बुडीत मालाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे कळवावी लागते. ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन (एकच वाफ तीन सिलिंडरांत ओळीने वापरणारं) मात्र जागचं हलत नाही, आणि लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीत तिन्ही सिलिंडरांचे व्यास व स्ट्रोक (दट्ट्याच्या फेरीची लांबी) इंचांत मिळतात.

मोठ्या सिलिंडरच्या व्यासाचा मागचा १५६० मिमीचा आकडा बाद. तो बाहेरून घेतलेला, म्हणजे भिंतीची जाडी आणि गंजाचं कवच त्यात आलं. रजिस्टरला आतला व्यास लागतो. या लो-प्रेशर (तिन्हींत सर्वांत मोठ्या) सिलिंडरचं झाकण फुटलंय, पण निम्मं तोंड वाळूत गाडलेलं. म्हणून जीवा (कडेवरच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर) आणि तिच्या मध्यापासून कमानीची उंची मोजली : १२०० आणि ३१९ मिमी. जीवेचा वर्ग भागिले आठपट उंची, अधिक निम्मी उंची, ही त्रिज्या. ७२४ मिमी आली, म्हणजे व्यास ५७ इंच. उंचीत ५ मिमी चुकलं तर उत्तर अर्ध्या इंचाने सरकतं, तेव्हा तीनदा मोजा. टेप नको, प्रवाहात तिला पोट येतं. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन ॲल्युमिनियम पट्ट्या क्लॅम्प लावून घट्ट करायच्या आणि आकडा बोटीवर वाचायचा. ड्राय ग्लोव्हजमध्ये खाली लिहिणं होत नाही.

बॉयलर दोन, प्रत्येकी तीन भट्ट्या. हेही रजिस्टरशी जुळवता येतं.

एका डाइव्हला एक रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) फ्री-फ्लो झाला, म्हणजे त्यातून हवा आपोआप वाहत सुटली. श्वास ओढतानाच ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणाऱ्या पोशाखात) हवा भरली. फर्स्ट स्टेजमधून (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) हवा भसाभसा प्रसरण पावली, तापमान उतरलं आणि बर्फ धरला. हवा थोडी थोडी, दोन श्वासांच्या मध्ये भरावी. पर्यावरण-सील असलेला, म्हणजे आत बाहेरचं पाणी न शिरणारा, फर्स्ट स्टेज असेल तर उत्तमच.

स्ट्रोक बाकी आहे. शाफ्टच्या (फिरत्या दांड्याच्या) मध्यापासून क्रँकपिनच्या (क्रँकवरची, दट्ट्याचा दांडा जोडलेली खुंटी) मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की तो निघतो. क्रँकवरची वाळू हाताने उपसावी लागेल, आणि गढूळ पाणी निवळेपर्यंत निम्मा स्लॅक जाईल, त्यामुळे उपसणं एका डाइव्हला, मोजणं दुसऱ्या.