पोटठेकेदाराची वही

बांधकाम कंत्राटदारांच्या परवान्यासाठी आलेल्या अर्जांची छाननी करणे हे माझे काम. केलेल्या कामांचे दाखले, बँकेचा ऐपतीचा दाखला, यंत्रसामग्रीची बिले, नेमलेल्या अभियंत्याचे संमतिपत्र अशी कागदपत्रे अर्जासोबत येतात. त्यांतली बरीचशी पैसा असला की जमवता येतात. अनुभवाचा दाखला तेवढा जमवता येत नाही, निदान येऊ नये, आणि म्हणूनच माझा निम्मा वेळ त्या एका कागदावर जातो.

त्या दिवशी समोर बसलेल्या अर्जदाराकडे नेमका तोच कागद नव्हता. गवंड्याच्या हाताखाली सुरुवात करून आधी मुकादम आणि मग पोटठेकेदार झालेल्या या गृहस्थांनी अनेक इमारतींचे सांगाडे उभे केले होते, परंतु कागदोपत्री प्रत्येक काम मूळ ठेकेदाराच्या नावावर होते. याला दाखला दिला तर उद्या हाच आपल्याविरुद्ध निविदा भरेल, हे मूळ ठेकेदाराला चांगलेच कळते. अशा अर्जावर ‘अनुभव सिद्ध होत नाही’ असा शेरा मारून फाइल बंद करणे सोपे असते, आणि नियमाला धरूनही.

“साहेब, दाखला नाही, पण हे आहे,” असे म्हणत त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. मजुरांची हजेरी, उतरवून घेतलेल्या सिमेंटच्या गोण्या, स्लॅब टाकल्याची तारीख, सेंट्रिंग खोलल्याची तारीख. पाच मीटर गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) एका स्लॅबखालचे टेकू एरवी १४ दिवसांनी काढता आले असते. वहीत मात्र १९व्या दिवसाची नोंद होती आणि शेजारी लिहिले होते, ‘रात्री थंडी फार. शेठ ओरडले, तरी ठेवले.’ तापमान १५ अंश सेल्सिअसखाली गेले की काँक्रीटला ताकद सावकाश येते, हे पुस्तकात असतेच. पण त्यासाठी कोणी बोलणी खाल्ल्याची नोंद मी तरी आजवर एकाही दाखल्यात वाचलेली नाही.

वही हा पुरावा नव्हे, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले, कारण स्वतःच्या बाजूने स्वतः कोणीही काहीही लिहू शकतो. मात्र वहीत तारखा होत्या, आणि तारखा पडताळता येतात. एका इमारतीच्या मालकाकडे काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल होते; स्लॅबसाठीच्याच काँक्रीटचे भरलेले १५० मिलिमीटरचे ठोकळे २८ दिवसांनी फोडून त्यांची ताकद मोजतात, त्यामुळे ते कधी भरले याचीही नोंद अहवालात असते. त्या तारखा वहीतल्या स्लॅबच्या तारखांशी जुळल्या. प्रत्यक्ष काम याच टोळीने केले, असे त्या कामावरच्या अभियंत्यानेही मालकाच्या सहीसह लेखी दिले.

समितीपुढच्या मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांना ते कुठेही अडले नाहीत. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. इमारत ताब्यात दिल्यावर दोषदायित्वाच्या कालावधीत गळती निघाली तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार, मजूर पडला तर भरपाई कोणी द्यायची, बिल अडकले तर मजुरी कशातून भागवायची, या प्रत्येक प्रश्नावर त्यांचे एकच उत्तर होते: “ते शेठ बघायचे.” हातातल्या कौशल्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता; पण परवाना म्हणजे या सगळ्याला आपल्या नावाने उत्तर देण्याची कबुली, आणि तिची सवय त्यांना कोणी लागूच दिली नव्हती.

एक सदस्य अर्ज नाकारण्याच्या मताचे होते. मी सर्वांत खालच्या वर्गाची शिफारस केली, कारण या वर्गात कामाच्या रकमेवरची मर्यादा मुळात याचसाठी असते: माणसाने पेलवेल एवढेच ओझे आधी उचलावे. पूर्णवेळ अभियंता नेमण्याच्या आणि मजुरांचा विमा काम सुरू होण्यापूर्वी काढण्याच्या अटीवर शिफारस मान्य झाली. वरच्या वर्गासाठी अर्ज करताना लागणारे दाखले आता त्यांच्याच नावाने निघतील.