डिकीत दोन सायकली आणि जांबोटीचा रस्ता

बेळगावातून जांबोटीपर्यंत माउंटन सायकल चालवत न्यायला कुणाची बंदी नाही. पण सव्वादोन इंची गाठीदार टायर डांबरावर नुसते घरघरतात, ताकद खातात आणि मधल्या गाठी फुकट झिजतात. पिरनवाडीपर्यंतची रहदारी वेगळीच. तीसेक किलोमीटर असं रखडून जांभ्याच्या वाटेला लागायचं तेव्हा पायांत उरतंय काय? म्हणून सायकली गाडीतून. गाडी स्विफ्ट, माणसं दोन, सायकली दोन, दोन्ही 29 इंची. हा आकडा महत्त्वाचा, कारण टायर धरून चाकाचा व्यास 74 सेंटीमीटरच्या आसपास जातो आणि छोट्या गाडीत सगळा खोळंबा चाकांचा असतो, फ्रेमचा नव्हे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या हॅचबॅकच्या डिकीवर पट्ट्यांचा कॅरिअर लटकवून या भागात फिरणं मला पटत नाही. "सगळ्या गाड्यांना बसतो" असं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात अर्धंच सत्य असतं. वरच्या दोन पट्ट्यांचे हुक डिकीच्या पत्र्याच्या काठात अडकायला हवेत, कारण सगळं वजन त्यांच्यावर असतं. हल्लीच्या बहुतेक हॅचबॅकना नेमक्या त्याच काठावर प्लास्टिकचा स्पॉयलर असतो. हुक त्याला लागला की तो वाकतो नाहीतर तडकतो. बाजूचे आणि खालचे पट्टे फक्त झुलणं थांबवतात, वजन पेलत नाहीत. दोन माउंटन सायकली म्हणजे 28 ते 30 किलो, आणि खड्ड्यातून गाडी उसळली की पट्ट्यांवर त्याच्या कितीतरी पट झटका बसतो. नायलॉनचा पट्टा ओला झाला की आणखी सैलावतो, आणि जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे पाऊस कधी येईल ते विचारायची सोय नाही.

त्याहून मोठा वैरी म्हणजे धूळ. जांभ्याची लाल धूळ कॅरिअरच्या रबरी पायांखाली जाऊन बसते आणि गाडी हलेल तसतशी रंग घासत राहते. पॉलिश पेपरच तो. कॅरिअर लावण्याआधी डिकी ओल्या फडक्याने पुसून पायांखाली पारदर्शक फिल्म चिकटवली तर थोडं निभावतं. तरी नंबर प्लेटचा प्रश्न राहतोच. हॅचबॅकची मागची प्लेट डिकीवर मधोमध असते, सायकल नेमकी तिच्यावर येते, आणि बऱ्याचदा एक दिवाही झाकते. प्लेट दिसलीच पाहिजे हा नियम केंद्राचा आहे, त्यामुळे कर्नाटकात असा की शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात, फरक पडत नाही. पुठ्ठ्यावर नंबर लिहून मागे बांधणं हे उत्तर नाही.

ज्यांच्याकडे कॅरिअर आहेच त्यांनी एवढं करावं. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरांनी थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढावेत. पिरनवाडीचा फाटा त्यासाठी बरा. पुढे जांबोटीला परत एकदा. पट्ट्यांची लोंबती टोकं गाठ मारून बांधावीत, मागचा वायपर बंद ठेवावा, पुढचं चाक फ्रेमला बांधून टाकावं, आणि टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना ते वाकून बघावं. गरम धुराने टायरची बाजू मऊ होते. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या पुढे, स्विफ्टची रुंदी 1735 मिलिमीटर. म्हणजे चाकं दोन्हीकडे थोडी बाहेर येतात. पिरनवाडीच्या पुढे रस्त्याला कडा तुटलेल्या आहेत आणि समोरून बस आली की निम्मी गाडी मातीत उतरवावी लागते. तेव्हा तो थोडासा बाहेर आलेला भाग बांबूच्या बेटात अडकायला पुरेसा असतो.

टपावर न्यायचं तर स्विफ्टला पाण्याची पन्हळ नाही, त्यामुळे दाराच्या चौकटीत अडकणारे आडवे बार घ्यावे लागतात. टप किती वजन पेलतो तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून काढावा, दुकानदाराच्या तोंडून नको. रबरी कपाने काचेला चिकटणारे प्रकार धुळीत वापरूच नयेत. आणि लॉजच्या कमानीखालून जाताना डोक्यावर सायकल आहे हे लक्षात राहायला हवं.

तर सायकली आत.

मागची सीट पाडली की स्विफ्टच्या डिकीच्या तळात आणि पाडलेल्या सीटमध्ये पायरी पडते. ही पायरी भरणं हे पहिलं काम, नाहीतर फ्रेमचं सगळं वजन एका ट्यूबवर येतं. जुनी गोधडी चार घड्या करून तिथे घालायची, वर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंजी. ताडपत्री चिखलासाठी, सतरंजी चेनच्या काळ्या तेलासाठी. पुढच्या सीटच्या पाठींवरही एक चादर टाकावी.

सायकल सोडण्याचा क्रम असा. उभी असतानाच गिअर मागच्या सर्वांत लहान चक्रीवर आणायचा, म्हणजे चेन सैल होते आणि चाक सहज निघतं. मग पेडलं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडलं सुटतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. सीट काढायची, पण पोस्टवर इन्सुलेशन टेपची खूण करून. मग दोन्ही चाकं. फक्त पुढचं चाक काढून भागवू असं वाटतं, पण मागचं चाक लावलेली फ्रेम दीड मीटर भरते आणि ड्रायव्हरला स्टिअरिंगवर छाती टेकून बसावं लागतं.

चाकं निघाली की ब्रेकच्या लिव्हरला हात लावायचा नाही. मध्ये चाकावरची डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती, नसताना लिव्हर दाबली की पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग पेचकसाने ते उघडत बसा. पॅडच्या फटीत ब्रेकसोबत मिळणारा प्लास्टिकचा तुकडा घालावा. तो हरवलेलाच असतो, तेव्हा खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला तरी चालतो. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन पायांमध्ये आणि मागेही चाकाच्या जागी आधार हवा: थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर तोच परत हलका फिरवून ठेवावा, साधा क्विक रिलीज (लिव्हरने सैल होणारा बारीक दांडा) असेल तर पुढे 100 आणि मागे 135 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. क्विक रिलीजच्या दोन निमुळत्या स्प्रिंगा, अ‍ॅक्सल, पेडलं, सगळं एका झिपच्या पाउचमध्ये, आणि ते पाउच सीटखाली नाही तर डॅशबोर्डच्या कप्प्यात.

हँडल काढायची गरज सहसा पडत नाही. पुढचं चाक निघाल्यावर फोर्क नव्वद अंशात वळवला की हँडल फ्रेमला समांतर होतं. फक्त फोर्कच्या डोक्यावरची नॉब डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, आपटत नाही ना आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, ते बघावं. आपटत असेल तर तिथे फडकं गुंडाळायचं.

आता खरी गोम डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या यंत्राची. माउंटन सायकलचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे तो ज्याला टांगलेला असतो तो छोटा हँगर. मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा. एकावर एक सायकली रचताना खालच्या सायकलचा डिरेलर वरच्या फ्रेमखाली दाबला जातो. हँगर दोन मिलिमीटर वाकला तरी चढावर गिअर उड्या मारायला लागतो आणि माणूस केबलला दोष देत बसतो. म्हणून खालच्या सायकलचा डिरेलर 5 एमएमच्या अ‍ॅलन कीने सोडून, फडक्यात गुंडाळून, मागच्या त्रिकोणात आत बांधून टाकायचा. चेन काढावी लागत नाही. परत लावताना डिरेलरची छोटी जीभ हँगरच्या खाचेमागे बसली पाहिजे. पुढे बसली तर बोल्ट आवळला जातो, पण गिअर कधीच जुळत नाही.

पहिली फ्रेम चेनची बाजू वर करून झोपवायची, मागचा भाग पुढच्या सीटकडे, हँडल डिकीकडे. मध्ये जाड चादर. दुसरी फ्रेम उलट दिशेने, म्हणजे दोन हँडलं दोन टोकांना जातात. दोन चाकं पुढच्या सीटमागे उभी, दोन फ्रेमवर आडवी, डिस्क वरच्या अंगाला. डिस्कवर वजन पडलं की ती वाकते आणि प्रत्येक फेऱ्याला खर्रखर्र करते. डिस्कला बोटंही लावू नयेत, बोटांचं तेल पॅडमध्ये उतरतं. शेवटी सगळा डोलारा मुलांची सीट अडकवायच्या लोखंडी कड्यांना पट्ट्याने बांधायचा. हे फार कमी लोक करतात. अचानक गाय आडवी आली आणि ब्रेक दाबला की तीस किलो लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम थेट मानेकडे येतं.

ऑल्टोएवढ्या गाडीत हे सगळं एका सायकलपुरतंच जमतं.

जांबोटीला चहाला थांबलं की डिकीत डोकावून कुणीतरी विचारतंच, "सायकल चालवायची सोडून गाडीत घालून कुठं निघालासा?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणारा बहुधा वीस किलोची जुनी सायकल घेऊन रोज डोंगर चढणारा असतो. पण पाणी मागितलं तर घागर पुढे करतील, गाडी सावलीत लावायला अंगण देतील, पैसे घेणार नाहीत. हॉटेलांच्या पार्किंगमध्ये असा जिव्हाळा मिळत नाही.

कणकुंबीला माउली देवळाच्या अंगाला गाडी लावून सायकली जोडल्या. मलप्रभेचा उगम इथलाच. जोडताना सायकल उभी केल्यावर लिव्हर दहा-पंधरा वेळा हळूहळू दाबावी, कारण आडव्या प्रवासात ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत सरकलेली असू शकते. तरीही लिव्हर स्पंजासारखी लागली तर उतारावर जाऊ नये. दिवसभर जांभ्याच्या सड्यांवर आणि गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांवर फिरलो, झकास. या भागातलं बरंच जंगल 2011 मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात येतं. वन खात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल घालू नये. अस्वल आणि गवा दोघांनाही घंटी कळत नाही.

परतीची बांधाबांध हा या सगळ्यातला वैतागाचा भाग. अंग दुखत असतं, अंधार पडत असतो आणि सायकली लाल झालेल्या असतात. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश सोबत हवाच. चाकं काढण्याआधी अ‍ॅक्सलची दोन्ही टोकं आणि डिरेलर धुवायचे. नाहीतर अ‍ॅक्सल ओढताना वाळूचे कण आट्यात जातात आणि पुढच्या वेळी तो कचकचत बसतो. लाल माती तरी पाण्याने सुटते. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत पावसानंतर सायकल घालूच नये. ती टायर आणि फोर्कच्या मध्ये थर धरते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकलचं वजन दुप्पट होतं. अशी सायकल डिकीत घालायची म्हणजे शेतच घरी न्यायचं.

घरी पोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी सायकली त्याच रात्री बाहेर काढाव्यात. ओली गोधडी बंद गाडीत राहिली तर वास आठवडाभर जात नाही. सकाळी गाडी धुणाऱ्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नये, पाणी बेअरिंगच्या सिलमधून आत शिरून ग्रीस धुऊन नेतं. चेन कोरडी पुसून तेलाचा प्रत्येक कडीला एकेक थेंब द्यावा, अर्ध्या तासाने वरचं तेल पुसून घ्यावं. डिरेलरचा बोल्ट आणि पेडलं पुन्हा एकदा आवळून बघावीत.