आठवा तुकडा

तालुक्यातील शाळांसाठी दरवर्षी होणाऱ्या एका गणित स्पर्धेच्या उत्तरपत्रिका आम्ही काही शिक्षक एका रविवारी एकत्र बसून तपासतो, आणि शंकास्पद उत्तरांवर निर्णय देण्याचे नियामकाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या रविवारी अकराच्या सुमारास नववीचा गठ्ठा तपासणाऱ्या बाईंनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. “सर, नमुना उत्तर १५ आहे आणि हिने २१ लिहिले आहे. शून्य देणार होते, पण तिची मांडणी पाहून हात थांबला,” असे त्या म्हणाल्या.

प्रश्न मीच काढलेला होता. १, २, ४, ५, ८, १०, १४ एकक लांबीचे लाकडी तुकडे याच क्रमाने एकापुढे एक जोडून एक पट्टी केली आहे. कोणत्याही दोन सांध्यांमधील (किंवा टोक आणि सांध्यामधील) अंतर हे त्या पट्टीने मोजता येणारे माप. तर आठवा तुकडा किती लांबीचा, असे विचारले होते. माझ्या मनात जो नियम होता तो पर्सी मॅकमहन यांचा. ब्रिटिश तोफखान्यातील या अधिकाऱ्याने १९२३ मध्ये ही संख्यामाला मांडली आणि तिच्या पदांना ‘मोजमापाच्या मूळ संख्या’ म्हटले. लगतच्या दोन किंवा अधिक पदांची बेरीज करून जी संख्या मिळत नाही, अशी लहानात लहान संख्या प्रत्येक वेळी पुढे लिहायची, एवढाच तो नियम आहे. ३ म्हणजे १ + २, म्हणून ३ गळतो. ४ आणि ५ राहतात. ६ म्हणजे २ + ४, ७ म्हणजे १ + २ + ४, म्हणून तेही गळतात आणि ८ येतो. या रीतीने १४ नंतर १५ येतो, कारण १ ते १४ मधील प्रत्येक माप पट्टीवर आहे आणि १५ नाही.

पण प्रश्नपत्रिकेत छापलेले वाक्य मी पुन्हा वाचले आणि मला घाम फुटला. मूळ मसुद्यात ‘ज्याची लांबी आधी मोजता येत नव्हती असा लहानात लहान तुकडा’ असे होते. वाक्य आटोपशीर व्हावे म्हणून शेवटच्या वाचनात मीच ते बदलून ‘आधी मोजता येणारे कोणतेही माप पुन्हा मिळणार नाही असा लहानात लहान तुकडा’ असे केले होते. दोन्ही वाक्ये मला एकाच अर्थाची वाटली होती. ती तशी नाहीत, हे त्या मुलीने सिद्ध केले होते.

तिने सात तुकड्यांपासून मिळणारी सगळी मापे त्रिकोणात मांडली होती: वरच्या ओळीत सात तुकडे, त्याखाली लगतच्या जोड्यांच्या सहा बेरजा, मग तीन-तीनच्या पाच, असे करत तळाला एकटा ४४. ही अठ्ठावीस मापे असून त्यांत एकही दोनदा येत नाही, हे तिने प्रत्येक संख्येभोवती वर्तुळ करून पडताळले होते. पुढे तिचे वाक्य होते: ‘१५ घेतला तर १४ + १५ = २९, पण २ + ४ + ५ + ८ + १० = २९ आधीच आहे.’ तिने १६ देखील सोडला होता, कारण १४ + १६ = ३० आणि पहिल्या सहा तुकड्यांची बेरीजही ३०. १७ ते २० ही चारही मापे तिच्या त्रिकोणात होतीच. २१ घेतल्यावर मिळणारी नवी मापे २१, ३५, ४५, ५३, ५८, ६२, ६४, ६५. त्यांतले एकही जुने नाही.

मी ती बेरीज-बेरीज स्वतः करून पाहिली. छापलेल्या वाक्याप्रमाणे उत्तर २१ हेच होते.

त्या क्षणी मला हेही उमगले की ही मुलगी दुसऱ्याच एका प्रसिद्ध मालेपर्यंत पोचली होती. पट्टीवरच्या खुणा १ पासून मोजल्या तर १, २, ४, ८, १३, २१, ३१, ४५, ६६ अशा येतात, आणि ही मियाँ व सर्वदमन चौला यांची १९४४ मधील माला आहे. कोणत्याही दोन पदांची बेरीज दुसऱ्या जोडीच्या बेरजेइतकी होऊ नये, ही त्यांची अट. आणि बेरजा वेगळ्या असणे म्हणजेच पदांमधील अंतरे वेगळी असणे. दोन्ही माला मला वेगवेगळ्या माहीत होत्या, परंतु पहिल्या सात तुकड्यांपर्यंत त्या एकच असतात आणि नेमक्या आठव्याला फुटतात, हे मी कधी पाहिले नव्हते. मी पदे दिली होती तीही सातच. उदाहरण नियमाचा अर्थ स्पष्ट करील या भरवशावर मी होतो, आणि ते उदाहरण दोन्ही नियमांना सारखेच लागू होते.

दुपारी आम्ही त्या एका प्रश्नासाठी सगळे गठ्ठे पुन्हा उघडले. २१ लिहिणारी आणखी काही मुले निघाली. १५ फेटाळून १६ वर थांबलेलीही होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते की बहुसंख्य मुलांनी १५ लिहिले आहे, तेव्हा नमुना उत्तर तसेच ठेवावे. मला ते मान्य होण्यासारखे नव्हते, कारण मुलांनी माझे मन वाचायचे नव्हते, वाक्य वाचायचे होते. शेवटी २१ ला पूर्ण गुण, ‘माप’ म्हणजे फक्त नव्या तुकड्याची लांबी असे समजून १५ लिहिणाऱ्यांनाही पूर्ण गुण, आणि १६ ला मांडणीचे गुण असे ठरले. १५ बद्दलचा निर्णय मी चूक माझी होती म्हणून स्वीकारला. गणित म्हणून तो मला आजही पुरता पटलेला नाही.

गठ्ठे बांधताना बाईंनी तीच उत्तरपत्रिका पुन्हा उघडून दाखवली. विचारलेले नसताना मुलीने समासात नववा तुकडाही लिहिला होता, आणि तो १५ होता. २१ नंतर त्याहून लहान तुकडा येतो हे पाहून मी आधी चमकलो आणि मग उभ्या उभ्या पाठकोऱ्या कागदावर बेरजा केल्या: १५, ३६, ५०, ६०, ६८, ७३, ७७, ७९, ८०. आधीच्या छत्तीस मापांत यांपैकी एकही नव्हते.