गुरव म्हणजे भटजी नव्हे

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "गुरव म्हणजे गावाकडचे भटजी." आमच्या कोकणात हे खपायचं नाही! भटजी घरी येतात. सत्यनारायण, लग्न, श्राद्ध सांगतात. गुरव देवळाचा. बारा बलुतेदारांपैकी एक. रोजची पूजा, दिवाबत्ती त्याच्याकडे, मोबदला पूर्वी धान्यात किंवा इनाम जमिनीत. घाटावर गुरव बहुतेक शंकराच्या देवळात. बेल, पत्रावळी पुरवणं, सनई-चौघडा वाजवणं हेही त्याचंच.

पण खरी गंमत कौलाची, म्हणजे देवाला विचारून होकार-नकार घेण्याची. ओल्या पाकळ्या (काही गावांत तांदूळ) देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा..." मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे उजवी आधी पडली की होकार. आतेभावाने बोअरवेलसाठी कौल लावला, तर पाकळी हलेचना. त्याने हळूच टेबलफॅन देवाकडे वळवला. गुरवकाका मागे न बघता म्हणाले, "देवाक घाई नाय. पंखो बंद कर."

आणि हो, आडनाव गुरव म्हणून प्रत्येक जण पूजा करतोच असं नाही. आमच्या बँकेतले गुरवसाहेब कर्जाच्या फायली तपासतात. तिथे मात्र कौल चालत नाही.